सिंकमागची पट्टी

काटकोनाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता शोधूनच काढावं लागलं असतं. लोकांची स्वयंपाकघरं बसवून देणं हा त्याचा धंदा. ओटे, कपाटं, सिंक, नळ, सगळं. जगात एकही भिंत सरळ नसते असं त्याचं ठाम मत होतं, आणि तुमची भिंत किती वाकडी आहे हे तुम्हाला दाखवून दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा एका गिऱ्हाइकाने वैतागून विचारलं, "अहो, तुम्ही माणूस आहात की काटकोन?" शेजारी नळ जोडत बसलेल्या प्लंबरच्या कानावर ते पडलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. वरवर तो कुरकुरायचा, पण मनातून खूश होता. काटकोनाने हात लावला म्हणजे पुन्हा बघायला नको, असं लोक म्हणायचे. लोकांनी असं म्हणावं यासाठीच तर त्याने निम्मं आयुष्य ओट्यांखाली उताणं पडून काढलं होतं.

त्याच्या धाकट्या बहिणीने ते सिंक पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या गाडीत. धाकटी काहीतरी द्यायला म्हणून आली होती आणि गाडीचं मागचं दार उघडं होतं. कुणाला तरी स्टीलचं हवं होतं, म्हणून काटकोनाने त्यांचं जुनं काढून आणलं होतं. पांढरंशुभ्र, चिनी मातीचं, तान्ह्या बाळाला आंघोळ घालता येईल एवढं ऐसपैस. शेतावरच्या मोठ्या घरांतून असायचं तसं, समोरची बाजू उघडी दिसणारं. म्हणजे कपाटाच्या दारामागे न लपता ओट्याच्या पुढे छाती काढून उभं राहणारं. धाकटी आत डोकावली आणि तिथेच विरघळली.

"दादा, हे मला."

"तुझा ओटा लॅमिनेटचा आहे."

"मग?"

"मग काय मग! याला दगडी ओटा लागतो. लॅमिनेट म्हणजे वर कागदासारखा पापुद्रा आणि आत लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी. वरून कितीही पाणी ओत, ढिम्म हलत नाही. पण कापलेल्या कडेतून आत पाणी शिरलं की खलास. आणि या धोंड्यासाठी ओट्याला केवढं तरी भगदाड पाडावं लागेल."

"म्हणजे होतच नाही?"

हा प्रश्न काटकोनाला नेमका कधी विचारायचा, हे धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं. होत नाही म्हटलं की त्याला चेव यायचा.

"होतं," तो म्हणाला. "नीट करणारा पाहिजे."

नीट म्हणजे काय, हे त्याला तोंडपाठ होतं. सिंकचा भार ओट्यावर पडू द्यायचा नाही. खाली लाकडाची भक्कम चौकट करायची आणि तिच्यावर ते बसवायचं. ओटा कापताना वर चिकटपट्टी लावायची, म्हणजे पापुद्रा उडत नाही. मग कापलेल्या सगळ्या कडांना इपॉक्सीचा, म्हणजे कालवून लावायच्या आणि वाळून दगड होणाऱ्या रोगणाचा, हात द्यायचा, वाळू द्यायचा, परत एक हात द्यायचा, तोही वाळू द्यायचा. त्यानंतर सिंक आत सरकवून फटीत पाणी अडवणारं रबरी सिलिकॉन भरायचं. यात अवघड असं काही नाही, फक्त दम धरायला लागतो.

धाकटीच्या घरी माणसं दोनच. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून थोडे दिवस घरी. एरवी ती आणि तिच्या सासूबाई. धाकटी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळी निघायची ती संध्याकाळी पाय ओढत यायची. सासूबाईंनी उभा जन्म शिवणकाम केलं होतं. गावभराच्या मुलींचे लग्नातले कपडे त्यांच्या मशीनवरून गेले होते. आता मात्र हात थरथरायचे. सुईत दोरा जात नव्हता, हातातला कप बशीवर वाजत राहायचा. आधी मशीन बंद झालं, मग इस्त्री, मग गॅसपाशी उभं राहणं. धाकटीने प्रत्येक वेळी प्रेमानेच सांगितलं होतं, पण एकेक काम काढून घेतलं होतं हे खरं. भांडी तेवढी त्यांच्याकडे उरली होती.

सिंक बसवायच्या आदल्या दिवशी काटकोनाने चौकट ठोकली, ओटा कापला, दोन्ही बाजूंच्या कडा सजवल्यासारख्या इपॉक्सीने मढवून वाळत ठेवल्या आणि बसवायच्या दिवशी सकाळीच त्यांना दुसरा हात दिला. मागची पट्टी त्याने शेवटी ठेवली होती, कारण तिच्यात नळाचं भोक पाडायचं होतं. सिंक आणि भिंत यांच्यामधली ती वीतभर रुंदीची पट्टी. भोक पाडून झालं आणि फोन वाजला. एका गिऱ्हाइकाकडे कपाटाचं दार निखळून पडलं होतं, आणि ते गिऱ्हाईक बोलणारं होतं. बोलणं आवरेपर्यंत वाटीतली कालवलेली इपॉक्सी दगड होऊन बसली. डबा उपडा करून पाहिला, तर तळाला चाटण्यापुरतीसुद्धा उरली नव्हती.

दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. इकडे धाकटी दर थोड्या वेळाने येऊन "झालं का रे?" विचारत होती आणि सासूबाई दारात खुर्ची टाकून नाटकाला बसल्यासारख्या बसल्या होत्या. काटकोनाने मागच्या उघड्या कडेकडे बघितलं. आज सिंक आत सरकवू, सिलिकॉन जरा जाड भरू, आणि उद्या-परवा येऊन मागचं काम करून टाकू, असं त्याने ठरवलं. उद्या-परवापर्यंत वापरू नका, एवढं सांगितलं की झालं.

सिंक बसलं, नळ जोडून झाला, पण सांगायच्या आधीच सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी नळ सोडला, चहाचा कप घेतला, आणि दोन्ही मनगटं त्या जाडजूड पांढऱ्या कठड्यावर टेकवली. आणि त्यांचे हात थांबले. थरथर एकदम गेली नाही, पण बरीच निवली. त्यांनी कप आतून, बाहेरून, कानाच्या आतून धुतला, उजेडात धरून बघितला आणि हसल्या.

"अगं, बघ," त्या धाकटीला म्हणाल्या, "याला टेकलं की माझे हात माझं ऐकतात."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, तू म्हणजे ना," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी, आता हे वापरू नका, असं सांगणं काटकोनाच्या जिवावर आलं.

"झालं," तो म्हणाला. "वापरा बिनधास्त."

उद्या-परवा आलंच नाही. आधी निखळलेलं दार, मग एक नवं स्वयंपाकघर, मग दुसरं. पहिले काही दिवस मागची पट्टी त्याच्या डोक्यात टोचत राहिली. मग कमी कमी होत गेली. मग तो विसरला. अगदी खरं सांगायचं तर विसरला नाही, आठवण आली की तो दुसरीकडे बघायला शिकला.

मग धाकटीचा फोन आला. "दादा, ओटा फुगलाय रे. नळाच्या मागे."

"येतो," काटकोन म्हणाला.

"ये, पण तुझ्या कामाचा काही दोष नाही हं. आई पाणी सांडतात. किती वेळा सांगितलं, हळू घासा, पुसून घ्या. ऐकतच नाहीत."

तो गेला तेव्हा सुट्टीचा दिवस होता, दोघी घरातच होत्या. मागच्या पट्टीवर लॅमिनेटला फोड आल्यासारखा उंचवटा आला होता. नळ तिरका झाला होता. काटकोनाने उंचवट्यावरून बोट फिरवलं आणि दाबलं, तर खाली मऊ लागलं. बघण्यासारखं आणखी काही नव्हतंच. आत काय झालंय ते त्याला डोळे मिटूनही दिसत होतं.

"सांग आता तूच यांना," धाकटी म्हणाली. "माझं ऐकून घेत नाहीत, निदान तुझं तरी ऐकतील."

सासूबाई टेबलापाशी बसल्या होत्या. त्यांनी हात मांडीवर एकात एक गुंतवून ठेवले होते, जणू सोडले तर आणखी काही बिघडवतील. "माझंच चुकलं रे," त्या काटकोनाला म्हणाल्या. "एवढं मन लावून केलं होतंस. या हातांनी सगळं मातीत घातलं."

"मावशी, तसं काही..."

"दादाच्या कामात खोट निघाली असं आजवर कधी झालंय का?" धाकटी म्हणाली. "म्हणून तर जिवाला लागतं. चांगल्या वस्तूची ही दशा."

बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. काटकोनाने तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते असं: "पाणी काय, कुठूनही वाट काढतं."

धाकटीने सासूबाईंकडे बघितलं. "ऐकलंत?"

सासूबाईंनी मान हलवली.

"आता भांड्यांना तुम्ही हात लावायचा नाही, आई," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "मी आल्यावर घाशीन सगळी. तुम्ही आराम करा."

आराम करा हे शब्द सासूबाईंना कसे लागले, हे काटकोनाने समोर बघितलं. त्यांचा चेहरा पडला नाही की डोळे भरले नाहीत. त्या उठल्या, कमरेला गुंडाळलेला ओला फडका सोडला, नीट घडी घातली आणि धाकटीपुढे ठेवला. "हा तुझ्याकडेच असू दे," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

काटकोनाने पट्टीवर वरून सिलिकॉनची एक रेघ ओढली, दुरुस्तीला पुन्हा येतो म्हणाला आणि निघाला. धाकटी चहा टाकते म्हणत होती, तर त्याने हातानेच नको म्हटलं.

घरी त्याला अन्न गोड लागेना. बायकोने दोनदा वाढलं आणि दोनदा उचललं. शेवटी विचारलं, "काय झालंय?" त्याने सांगितलं. ती ऐकत होती तोवर त्याला जरा हलकं वाटलं. मग ती म्हणाली, "मग तिथेच का नाही बोललास?"

"तोंडच उघडेना."

"माझ्यापुढे बरं उघडलं!" बायको म्हणाली. "मला सांगून त्या म्हातारीची सुटका होणार आहे का?"

"सांगतो ना. या आठवड्यात जातो."

तो आठवडा गेला. त्याच्या पुढचाही गेला. धाकटीला फोन करायला हात उचलायचा आणि मनात हिशेब सुरू व्हायचा: आता काय सांगणार? तेव्हा का बोलला नाहीस म्हणून ती विचारेल, त्याला काय उत्तर द्यायचं? न बोलता गेलेल्या प्रत्येक दिवसाने बोलणं आणखी अवघड करून ठेवलं. गिऱ्हाइकांकडे तो आता भिंती वाकड्या आहेत हे दाखवेनासा झाला. "काटकोन, बरं नाही का?" प्लंबरने विचारलं. त्या नावाने हाक आली की त्याला आता चोरट्यासारखं व्हायचं.

शेवटी एका दुपारी तो धाकटीच्या घरी गेला. ती कामावर असते हे त्याला माहीत होतं, आणि खरं तर म्हणूनच त्याने दुपार निवडली होती. दार सासूबाईंनी उघडलं नाही, म्हणून त्याने ओट्याच्या कामाच्या वेळी धाकटीने दिलेल्या किल्लीने उघडलं. आतून पाण्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आवाज न्हाणीघरातून येत होता.

सासूबाई तिथे तोंड धुवायच्या लहानशा बेसिनपाशी वाकून कप धुवत होत्या. स्वतःचा चहाचा कप. मनगटं टेकवायला तिथे जागा नव्हती, आणि हात असे काही उडत होते की कप नळावर आपटत होता. कडेचा टवका आधीच गेला होता. त्यांनी तो टॉवेलला पुसला आणि वळल्या, तर दारात काटकोन.

त्या दचकल्या. लहान मुलाने पाठीमागे काही लपवावं तसा त्यांनी तो कप पाठीमागे नेला.

"हिला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मी ओट्याला हात लावलेला नाही. तिकडे गेलेसुद्धा नाही. कप संध्याकाळपर्यंत तसाच पडतो ना, म्हणून."

काटकोन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला.

"मावशी, ओटा तुमच्यामुळे फुगला नाही. माझ्यामुळे फुगला."

आणि मग तो सगळं बोलला. फोन, दगड झालेली इपॉक्सी, मागची पट्टी, उद्या-परवा. आणि धाकटी त्यांना बोलत होती तेव्हा आपण कळून-सवरून गप्प बसलो, तेही सांगितलं. बोलताना त्याची नजर त्यांच्या चपलांवर होती. बोलून झाल्यावर त्याने वर बघितलं, तर सासूबाई हसत होत्या. हसण्यात राग नव्हता, कौतुक होतं.

"धाकटीचा भाऊ शोभतोस खरा," त्या म्हणाल्या. "माझी दया आली म्हणून अंगावर घेतोस होय?"

"नाही हो मावशी, खरंच..."

"राहू दे. मला माझे हात माहीत आहेत. तुझं कामही माहीत आहे." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरणारा हात डोक्यावरून फिरला तेव्हा काटकोनाला वाटलं, त्यापेक्षा यांनी मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

तो संध्याकाळपर्यंत थांबला. धाकटी आली, पर्स टाकली, बूट काढले, आणि तिने पाणी प्यायच्या आत त्याने तिलाही तेच सगळं सांगितलं. या वेळी तो भराभर बोलला, घोकलेला धडा म्हणावा तसा. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आईंनी सांगितलं ना तुला हे बोलायला?"

"काय?"

"मी कामावर गेल्यावर तुला बोलावून घेतलं आणि गाऱ्हाणं केलं. तूही विरघळलास." ती सासूबाईंच्या खोलीकडे वळली. "आई, दादाला मध्ये घालायची काय गरज होती? मी काय तुम्हाला छळते का?"

खोलीतून सासूबाईंचा घाबरा आवाज आला, "अगं, मी नाही काही म्हटलं त्याला!"

खरं बोलूनही काटकोन त्या बाईला आणखी खड्ड्यात ढकलत होता. आयुष्यभर जपलेलं नाव नेमकं आता त्याच्या शब्दाला खोटं पाडत होतं. तो बाहेर गेला आणि गाडीतून हत्यारं घेऊन आला.

"काय करतोस?"

"बघ नुसतं. आणि मावशींना इकडे बोलाव."

त्याने पाणी बंद केलं, नळ सोडवला, सिलिकॉन सुरीने चिरलं. सिंक एकट्याला हलणारं नव्हतं, पण खालची चौकट त्याचीच होती. दोन पाचरी ठोकून त्याने ते हळूहळू पुढे ओढलं, हात आत जाईल एवढं. मग टॉर्च धाकटीच्या हातात दिली.

"आधी बाजू बघ. हात लाव."

बाजूच्या कडा चकचकीत होत्या. कोरड्या, टणक, काचेसारख्या गुळगुळीत.

"आता मागे."

मागची कड तपकिरी, फुगलेली, चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखी झाली होती. धाकटीने बोट लावलं तर भुसा ओलाच तिच्या बोटाबरोबर आला. ती टॉर्च बाजूवर न्यायची, मागे आणायची, परत बाजूवर न्यायची. तिचं काम दिवसभर असंच तर असायचं, दोन नमुने शेजारी ठेवून बघायचं. तिला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती.

"त्या दिवशी बोट फिरवलंस, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"मी यांना बोलत होते. तू इथे उभा होतास." तिने फरशीकडे बोट केलं. "इथे, या फरशीवर. ओट्याचं काही नाही रे दादा. ओटा गेला खड्ड्यात. तू मला बोलू दिलंस."

मग धाकटीनेच मान खाली घातली, कारण बोलली होती ती तर तीच.

सासूबाई कधीच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, सिंकच्या कडेला धरून वाकल्या आणि मागच्या भुशाला त्यांनीही बोट लावून बघितलं.

"मग पाणी मी सांडलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"सांडलं असेल मावशी," काटकोन म्हणाला. "भांडी घासताना कुणाच्याही हातून सांडतं. ओट्याने ते सोसायला हवं होतं. तशी सोय करणं माझं काम होतं."

उघड्या फटीकडे बघत त्या म्हणाल्या, "मी इतके दिवस खोलीत बसून कशाची शिक्षा भोगली, ते कुणीतरी सांगा मला." त्या खोलीत गेल्या आणि या वेळी त्यांनी दार लावून घेतलं.

धाकटीने बाहेरून हाका मारल्या. आई, चुकलं माझं. आई, जेवायला तरी या. आतून उत्तर आलं, "भूक नाही." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच धाकटी दाराला टेकून रडली. काटकोन हत्यारं आवरत राहिला. बहिणीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तिने खांदा काढून घेतला.

त्याने तो ओटा पुरता उखडला. नवा केला, पुन्हा लॅमिनेटचाच, कारण धाकटीला दुसरं काही नको होतं आणि त्यालाही ते जमतं हे दाखवायचं राहिलं होतं. दाखवायचं कुणाला, ते त्याला कळत नव्हतं. सगळ्या कडांना त्याने दोन हात दिले, नळाच्या भोकाला आतून दिला, खालच्या बाजूलाही दिला. वाळायला लागेल तेवढा वेळ दिला. तेवढे दिवस धाकटी न्हाणीघरात भांडी घासत होती, वाकून, त्याच लहानशा बेसिनमध्ये. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. सासूबाई तेवढंही बोलत नव्हत्या.

सिंक परत जागेवर बसलं, त्यालाही बरेच दिवस झाले. सासूबाई स्वयंपाकघरात यायच्या, खायच्या आणि कप टेबलावर ठेवून जायच्या. एकदा धाकटीने धीर करून म्हटलं, "आई, आता सगळं परत तुमच्या हातात घ्या ना. मला तुमच्यासारखं लखलखीत जमत नाही."

"मला आता बसायची सवय झाली," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीने हे काटकोनाला फोनवर सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तिने आपणहून फोन केला होता. सांगून झाल्यावरही फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.

मग एका संध्याकाळी तो सिलिकॉन बघायला म्हणून गेला असताना सासूबाई उठल्या. रात्रीची भांडी तशीच होती, धाकटीला सकाळी उशीर झाला होता. त्यांनी बाह्या वर केल्या, मनगटं कठड्यावर टेकवली. धाकटी धावत मागे येऊन उभी राहिली, काही लागलं तर द्यायला.

"मागे उभी राहू नकोस," सासूबाई न वळता म्हणाल्या. "कुणी मागे उभं राहिलं की हात जास्त उडतात. आणि सांडलं तर सांडलं."

"हो, आई." धाकटी दोन पावलं मागे सरली. मग आणखी दोन. मग बाहेरच गेली.

काटकोन कोपऱ्यात उभा होता. पाणी सांडत होतं. चांगलं सांडत होतं, नळाच्या मागे छोटं तळं साचलं होतं. त्याचा हात फडक्याकडे गेला आणि त्याने तो आवरला.

"मावशी, मला माफ..."

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. त्यांनी एक ताट विसळलं, निथळत ठेवलं. राग गेला की नाही, ते त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. "एक विचारते. आणखी कुठे कुठे ठेवलंयस असं अर्धवट?"

"कुठेच नाही हो," तो लगेच म्हणाला. अपमान झाल्यासारखं वाटून म्हणाला.

ताटं एकामागून एक निथळत गेली. आणि ती बघता बघता काटकोनाला एक स्वयंपाकघर आठवलं, नदीपलीकडच्या वळणावरचं. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. भिंतीलगतच्या ओट्याची एक कड, तीही अशीच, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी. तिथे फोन आला नव्हता की इपॉक्सी संपली नव्हती. तिथे तर नुसता कंटाळा आला होता.

"एक आहे," तो म्हणाला.

"मग इथे काय उभा आहेस?"

तो तसाच निघाला. मास्तरांनी दार उघडलं तेव्हा ते गोंधळून गेले. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, काही बिघडल्याचं त्यांना माहीत नव्हतं. काटकोन थेट स्वयंपाकघरात गेला, गुडघे टेकून ओट्याखाली शिरला आणि टॉर्च लावली. भिंतीकडची कड थोडी काळवंडली होती. फार नाही, पण सुरुवात होती.

मास्तरांची बायको आमटी ढवळायचा चमचा हातात तसाच धरून मागे येऊन उभी राहिली. "अहो, आमच्या हातून काही झालं का?" तिने विचारलं. "मी यांना नेहमी सांगते, खिडकीतल्या झाडांना पाणी घालताना जरा जपून घाला म्हणून."

"मी जपूनच घालतो," मास्तर पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव आलेच होते.

"मास्तर, झाडांना पाणी घाला हवं तेवढं," काटकोन ओट्याखालूनच म्हणाला. "तुमचं काही चुकलेलं नाही. जरा बसा दोघं, माझं काय चुकलं ते सांगतो."